हाड जोडतं कोण?

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण. स्मरणिकेसाठी थोडं नीटनेटकं करून लिहून दिलं आहे.)



संयोजकांचा फोन आला तेव्हा मला विषय दिला होता, ‘संगणक क्षेत्रातील संधी’. मी म्हटलं, आपल्या बहुतेकांची मुलं आता संगणकात माझ्यापेक्षा पुढे आहेत, आणि आपल्या वयाला संधीपेक्षा सांधेच जास्त आठवतात. ‘मग सांध्यांवरच बोल,’ असं तो हसत म्हणाला. मी ते मनावर घेतलं. मात्र सांध्यांऐवजी आज हाडांवर बोलणार आहे. नेमकं सांगायचं तर हाडातल्या रक्तावर.

मी डॉक्टर नाही, हे आधीच सांगते. इंजिनिअरिंग केलं, वीस-बावीस वर्षं सॉफ्टवेअरमध्ये आहे. हा विषय माझ्याकडे आला तो आईच्या पायामुळे. दीड वर्ष त्या पायामागे फिरले, डॉक्टरांना प्रश्न विचारून भंडावलं, रात्री जागून वाचलं. बोलायचं ते लिहून काढल्यावर आईच्या डॉक्टरांना वाचूनही दाखवलं. त्यामुळे माहितीबद्दल निर्धास्त राहा. आणि यात माझी एक चूकही आहे, तीही सांगणार आहे.

सुरुवात शाळेपासूनच करते. आपल्या प्रयोगशाळेत कोपऱ्यातल्या काचेच्या कपाटात सांगाडा टांगलेला होता, आठवतो? पांढरा, कोरडा, तारेनं बांधलेला. मुलं त्याला नावं ठेवायची, मुली कपाटाजवळ जायला घाबरायच्या. विज्ञानाच्या बाईंनी त्याच्यावरून आपल्याला हाडांची नावं शिकवली. माझी ती नावं आजही पाठ आहेत. पण त्या सांगाड्यामुळे माझ्या डोक्यात एक चुकीची समजूतही बसली. हाड म्हणजे कोरडी, निर्जीव वस्तू. घराच्या वाशासारखी. वासा मोडला तर पट्टी ठोकायची, काम झालं.

खरं तर आपल्या घरात याच्या उलट पुरावा दर रविवारी यायचा. मटणाची नळी. ताजी नळी नीट पाहा. वरून एक पातळ, चिवट पापुद्रा असतो, नखानं ओढला तर सुटतो. सुटला की खाली रक्ताचे बारीक ठिपके दिसतात. आत मगज असतो, तोही लालसर. म्हणजे बाहेरून ओलं, आतून ओलं. आणि मधलं कठीण कवच? तेही कोरडं नाही. त्यात केसाहून बारीक नळ्यांचं जाळं असतं. क्लॉप्टन हॅवर्स नावाच्या इंग्रज वैद्यानं १६९१ साली या नळ्यांचं वर्णन छापलं, म्हणून त्यांना आजही हॅवर्सच्या नळ्या म्हणतात. त्यांतून रक्तवाहिन्या जातात. हाड रोज थोडं झिजतं, रोज थोडं नवं बनतं. हे सगळं रक्तावर चालतं.

आता आईची गोष्ट.

आमचं घर तुम्हाला माहीत आहे, शहापूर-मुरबाड रस्त्यावर, किन्हवली आणि सरळगावच्या मधे. दोन वर्षांपूर्वी जुलैमध्ये आवणी चालू होती. आई सदुसष्ट वर्षांची. तिला सांगितलं होतं, तू बांधावर बसून नुसतं बघ. ती कसली बसते! रोपांची जुडी घेऊन चिखलातून बांधावर चढताना पाय घसरला आणि उजवी नडगी मोडली, घोट्याच्या वर चार बोटांवर. मी ऐरोलीला ऑफिसात. भाऊ गुजरातेत. पाऊस असा की रस्त्यावर गाडी दिसेना. शेजाऱ्यांनी जे जवळचं आणि ओळखीचं होतं ते केलं, आईला हाडवैद्याकडे नेलं.

त्या शेजाऱ्यांना मी दोष देत नाही. आपल्या दोन्ही तालुक्यांत कित्येक पिढ्या हाडं याच माणसांनी बसवली. रात्री-अपरात्री दार उघडणारे आणि पैसे नंतर दिले तरी चालणारे तेच होते. साधं हाड त्यांच्या हातून जुळतही असे. पण त्या दिवशी बांबूच्या कामट्या लावून पट्टी अशी आवळली गेली की रात्री आई कळवळायला लागली. ‘हाड जुळतंय म्हणून दुखतं,’ असं तिला सांगितलं गेलं. सकाळी मी पोहोचले तेव्हा पायाची बोटं निळसर होती आणि हात लावला तर थंडगार.

ती बोटं पाहिली आणि मला आपला एक वर्गमित्र आठवला. तो आज इथेच बसला आहे, आणि त्याची परवानगी घेऊनच हे सांगते आहे. सातवीत असताना तो जांभळाच्या झाडावरून पडला, कोपराजवळ हात मोडला. घट्ट पट्टी बांधली. तीन दिवस तो रडत होता, आणि घरचे म्हणत होते, सहन कर. पट्टी सोडली तेव्हा बोटं आत वळलेली होती, ती पुन्हा सरळ झालीच नाहीत. दहावीचा पेपर त्यानं डाव्या हातानं लिहिला, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक होतं? मला नव्हतं. आपण फक्त त्याचं अक्षर वाईट आहे म्हणून हसायचो. त्याच्या हाताला जे झालं ते जर्मन सर्जन रिचर्ड फॉन फोल्कमान यांनी १८८१ मध्ये लिहून ठेवलं होतं. पट्टी आवळली की मोडलेला भाग सुजायला जागा राहत नाही, आतला दाब वाढतो, रक्त पुढे जात नाही, आणि काही तासांतच स्नायू मरायला लागतात. हाड जुळतं, हात जातो.

याहून जुनी गोष्ट सांगते. सुश्रुतसंहितेत मोडलेल्या हाडाच्या उपचारावर एक अख्खा अध्याय आहे. कामट्यांसाठी कोणत्या झाडांची साल घ्यावी, तर पळस, उंबर, पिंपळ, वड, अर्जुन, बांबू. सगळी आपल्या माहुलीच्या आणि माळशेजच्या रानातली झाडं! आणि पट्टीबद्दल तिथे स्पष्ट म्हटलं आहे की सैल बांधली तर सांधा स्थिर राहत नाही, आणि घट्ट बांधली तर सूज येते, ठणका लागतो, कातडी पिकते. म्हणून मध्यम बांधावी. म्हणजे हे ज्ञान आपल्याकडे नव्हतं असं नाही. वाटेत कुठेतरी कामट्या उरल्या आणि ‘मध्यम’ हा शब्द गळून पडला.

आम्ही पट्टी कापली. अर्ध्या तासात बोटांना रंग आला. तो अर्धा तास मी विसरणार नाही. मग गाडी करून कल्याणला एका रुग्णालयात. कातडीवर फोड आले होते, सूज उतरेपर्यंत सहा दिवस ऑपरेशन करता आलं नाही.

त्या सहा दिवसांत डॉक्टरांनी मला समजावलं. कागदावर नडगी काढली. म्हणाले, ‘या हाडाला रक्त दोन बाजूंनी येतं. एक मोठी वाहिनी मागच्या बाजूनं, वरच्या भागात हाडात शिरते आणि आतून, मगजातून, खाली उतरत जाते. कवचाचा आतला बराच भाग तिच्यावर जगतो. दुसरा पुरवठा बाहेरून. हाडावरचं जे पातळ आवरण असतं त्यातल्या बारीक वाहिन्या, त्यांना आसपासच्या स्नायूंतून रक्त मिळतं. शिवाय दोन्ही टोकांना सांध्याजवळ वेगळ्या वाहिन्या. तुमच्या आईंचं हाड खालच्या भागात मोडलंय. वरून येणारी मुख्य वाहिनी तिथे तुटली. आणि घोट्याच्या वर नडगीभोवती मांस किती असतं? जवळजवळ काहीच नाही, कातडीखाली लगेच हाड. म्हणजे बाहेरचा पुरवठाही तुटपुंजा.’

मी शहापूर तालुक्याची पोरगी. मला ते लगेच समजलं, कारण हा नकाशा मी लहानपणापासून पाहत आले आहे. तानसाचं पाणी १८९२ पासून मुंबईला जातं. पुढे वैतरणा झालं, भातसा झालं. मोठमोठे नळ आपल्या शेतांशेजारून जातात. आणि मार्च सरला की त्याच नळांच्या आसपासच्या गावपाड्यांत टँकरची वाट बघतात. गावाला जगवते ती गावची विहीर, झरा, डवरा. नडगीचंही तसंच. मोठा नळ तुटला की बाहेरच्या विहिरींवर भागवायचं. आणि जिथे हाड मोडलं तिथे विहिरीच कमी.

मग प्रश्न आला, ऑपरेशन कोणतं? प्लेट की रॉड? मला वाटत होतं हा फक्त मजबुतीचा प्रश्न आहे. डॉक्टर म्हणाले, मजबुती अर्धा प्रश्न, उरलेला अर्धा रक्ताचा. प्रत्येक ऑपरेशन हाडाला आधार देतं आणि त्या बदल्यात थोडं रक्त तोडतं. किती तोडायचं, कुठलं तोडायचं, हा खरा हिशोब.

हा हिशोब सर्जन लोकांनाही हळूहळूच कळत गेला, आणि तो इतिहास मला फार आवडला, कारण आमच्या कामाशी तो जुळतो. हाडाच्या पोकळीत धातूची लांब सळई घालायची कल्पना जर्मनीतल्या गेऱ्हार्ड क्युंचर यांनी १९३९-४० च्या सुमारास पुढे आणली. तेव्हा अनेकांना धास्ती होती की मगज फाडून सळई घातली तर हाड आतून मरेल. आतला रक्तपुरवठा खरोखरच बिघडतो. पण बाहेरचं आवरण शाबूत असेल तर तिथल्या वाहिन्या काम वाढवतात, बाहेरून आत रक्त पोहोचवतात, आणि काही आठवड्यांत आतल्या वाहिन्याही पुन्हा उगवतात. एक रस्ता बंद झाला तर दुसरा रुंद होतो. अट एकच, दोन्ही एकदम बंद करायचे नाहीत.

प्लेटचं उलट. स्वित्झर्लंडमध्ये १९५८ साली काही सर्जन एकत्र आले, त्यांनी एओ नावाचा गट स्थापन केला आणि प्लेट-स्क्रूचं शास्त्र बसवलं. तुकडे तंतोतंत जुळवायचे, प्लेट घट्ट दाबून बसवायची. एक्स-रे सुंदर यायचे. पण प्लेटच्या बरोबर खालचं हाड विरळ होतंय असं दिसू लागलं. बराच काळ कारण असं सांगितलं गेलं की सगळा भार प्लेट उचलते, म्हणून हाड आळशी होतं. नंतर त्याच गटातल्या स्टेफान पेरेन आणि सहकाऱ्यांनी वेगळं कारण पुढे आणलं, की प्लेट हाडावर दाबली गेल्यानं तिच्याखालच्या आवरणातलं रक्त थांबतं. मग १९९० च्या सुमारास खालून खाचा असलेली, हाडाला कमीत कमी ठिकाणी टेकणारी प्लेट आली. पुढे हाडावर न दाबताच स्क्रूला लॉक होणाऱ्या प्लेटा आल्या, आणि मोठी चीर देऊन आवरण खरवडण्याऐवजी छोट्या छेदांतून प्लेट सरकवायची पद्धत आली. आमच्याकडेही असं होतं. बिघाड दिसतो तो खरा असतो, पण कारण पहिल्यांदा सुचतं तेच असतं असं नाही.

आणखी एक नाव सांगते, कारण कदाचित तुमच्या गावात कुणाच्या पायाला बाहेरून गोल कड्या लावलेल्या पाहिल्या असतील. ती पद्धत सायबेरियातल्या कुर्गान शहरातल्या गावरील इलिझारोव यांची. हाड कापताना ते फक्त वरचं कवच कापायचे. आवरण आणि आतला मगज शक्य तितका जपायचे. मग काही दिवस थांबून, दोन टोकं रोज एक मिलिमीटर, तेही चार वेळा पाव-पाव करून, दूर सरकवायची. मधल्या फटीत नवं हाड बनतं. घाई केली तर रक्तवाहिन्या तुटतात, उशीर केला तर हाड वेळेआधीच जुळून बसतं.

आईची कातडी फोडांनी खराब झाली होती, चीर देणं धोक्याचं होतं. म्हणून गुडघ्याकडून सळई घातली. ऑपरेशन उत्तम झालं. तिसऱ्या दिवशी आई वॉकर धरून उभी राहिली आणि म्हणाली, ‘लोखंड घातलं ना आत, आता काय मोडतंय!’ मलाही तेच वाटलं. मी निर्धास्त कामाला लागले.

तीन महिन्यांचा एक्स-रे आला. फट तशीच. डॉक्टर म्हणाले, वाट पाहू. सहा महिन्यांचा आला. थोडं धुरकट काहीतरी, पण फट आहेच. जानेवारीत म्हशाची यात्रा. आईचं माहेर त्या बाजूचं, लग्नाआधीपासून एक यात्रा तिनं चुकवलेली नाही. त्या वर्षी ती ओट्यावर बसून रस्त्यावरच्या गाड्या मोजत राहिली. पाय टेकला की कळ येत होती. नऊ महिने झाले तेव्हा डॉक्टरांनी एक्स-रे दिव्यावर लावला आणि म्हणाले, ‘सळईनं तिचं काम केलं. हाड हललेलं नाही. पण सळई हाड जोडत नाही, ती फक्त थांबवून धरते. जोडतं रक्त. ते पुरेसं येत नाहीये.’ आणि मग आईकडे वळून विचारलं, ‘आजी, तंबाखू?’

आई म्हणाली, ‘नाय.’

मी खाली पाहिलं. कारण मिश्रीच्या पुड्या मीच आणून देत होते.

आपल्या गावांत हे नवं नाही. सकाळी उठलं की बायका तव्यावर तंबाखू भाजून त्याची मिश्री करतात, दात घासायच्या निमित्तानं लावतात, मग दुपारी, मग रात्री. आईनं विडी कधी ओढली नाही, पान खात नाही, म्हणून तिच्या हिशोबी ती तंबाखू घेतच नव्हती. आणि मला? मला माहीत होतं. पण पाय मोडलेली बाई, घरात अडकलेली, तिला तेवढाच विरंगुळा. दर शनिवारी येताना मी शहापूरच्या बाजारातून तिची नेहमीची पुडी घ्यायचे. पहिल्या ऑपरेशनच्या वेळी फॉर्मवर ‘धूम्रपान’ असा रकाना होता, त्यात मीच ‘नाही’ लिहिलं होतं. ते खोटं नव्हतं. पण खरंही नव्हतं.

मी डॉक्टरांना सगळं सांगितलं. ते रागावले नाहीत. म्हणाले, ‘फक्त मिश्रीमुळेच जुळलं नाही, असं मी म्हणणार नाही. मोडलं ते ठिकाणच वाईट होतं, त्यात सुरुवातीची पट्टी. पण विडी-सिगारेट ओढणाऱ्यांची नडगी उशिरा जुळते, हे अनेक अभ्यासांत दिसलंय. मिश्रीत धूर नाही, पण निकोटीन आहे, ते हिरडीतून रक्तात जातं आणि बारीक वाहिन्या आवळतं. जिथे आधीच विहिरी कमी, तिथे आहेत त्याही झाकून ठेवायच्या का?’ (विहिरींची उपमा माझीच, त्यांनी ती उचलली होती.)

त्या दिवशी गाडीत आई काही बोलली नाही. कळव्यापाशी... नाही, आम्ही तर उलट्या दिशेनं निघालो होतो. मुरबाडच्या अलीकडे एवढंच म्हणाली, ‘तू मला आधी सांगायचं होतंस.’ मी म्हटलं, ‘मला माहीत नव्हतं.’ पण मी विचारलंही नव्हतं. नोकरीत मी इतरांना रोज विचारते की कुठली माहिती सोडली आहेत. आईच्या बाबतीत मीच एक रकाना सोयीनं वाचला.

दुसरं ऑपरेशन ठरलं. जुनी सळई काढायची, पोकळी आतून थोडी रुंद करायची, जाड सळई घालायची, आणि कमरेच्या हाडातला थोडा किस काढून फटीत भरायचा. मी विचारलं, ‘आत रुंद करताना उगवलेल्या वाहिन्या पुन्हा तुटतील ना?’ डॉक्टर म्हणाले, ‘तुटतील. पण त्या धक्क्यानं बाहेरच्या आवरणातला रक्तप्रवाह एकदम वाढतो, शरीराला वाटतं हाड नव्यानं मोडलंय आणि जोडायचं काम पुन्हा सुरू होतं. शिवाय जाड सळई जास्त घट्ट बसते. आतलं थोडं द्यायचं, बाहेरचं जास्त मिळवायचं.’ म्हणजे पुन्हा तोच हिशोब.

आईनं मिश्री सोडली. हे वाक्य मी एका दमात म्हटलं, तिला चार महिने लागले. चिडचिड, डोकेदुखी, रात्रीची झोप नाही. दोनदा शेजारणीकडून चोरून आणली, दोनदा स्वतःच मला फोन करून सांगितलं. बडीशेप, लवंग, भाजलेला ओवा, सगळं झालं. शेवटी सुटली. दुसऱ्या ऑपरेशननंतर पाचव्या महिन्यात एक्स-रेवर फटीभोवती पांढरा गोळा दिसला, लहान मुलानं चिखल थापावा तसा. डॉक्टर म्हणाले, ‘सुंदर!’ इतकी बेढब गोष्ट कुणी सुंदर म्हणताना मी पहिल्यांदा ऐकलं.

आता थोडं आपल्या वयाबद्दल. नडगीसारखीच रक्ताची अडचणीची दुसरी जागा म्हणजे खुबा. मांडीच्या हाडाच्या वरच्या गोळ्याला रक्त मुख्यतः त्याच्या मानेवरून चढणाऱ्या बारीक वाहिन्यांतून मिळतं. म्हातारपणी पडून मान मोडली आणि तुकडे सरकले की या वाहिन्या तुटतात, म्हणूनच पुष्कळदा डॉक्टर जोडायच्या भानगडीत न पडता गोळाच बदलतात. पण न मोडताही गोळ्याचं रक्त आटू शकतं. दारू हे एक कारण. जास्त काळ किंवा जास्त मात्रेत घेतलेली स्टिरॉइड्स हे दुसरं. कोविडनंतर २०२१ मध्ये मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातले डॉ. संजय अगरवाला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चाळिशीच्या आतल्या तीन रुग्णांची नोंद ‘बीएमजे केस रिपोर्ट्स’मध्ये प्रसिद्ध केली होती. तिघांनाही कोविडमध्ये स्टिरॉइड द्यावी लागली होती, आणि बरे झाल्यावर काही आठवड्यांतच खुबे दुखू लागले. स्टिरॉइडनं कोविडमध्ये अनेकांचे जीव वाचवले, त्याला पर्याय नव्हता. मुद्दा एवढाच की नंतर जांघेत दुखलं तर लवकर एमआरआय करावा, कारण सुरुवातीला साध्या एक्स-रेत काही दिसत नाही. गोळा चपटा व्हायच्या आत कळलं तर औषधं असतात, गोळ्यात बारीक भोक पाडून आतला दाब कमी करायचं आणि नव्या रक्ताला वाट द्यायचं ऑपरेशन असतं. चपटा झाल्यावर बहुधा बदलणंच उरतं.

तिसरं कारण आपल्या आदिवासी बांधवांशी निगडित आहे, सिकलसेल. तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि बारीक वाहिन्यांत अडकतात, त्यानंही तरुण वयात खुबा जातो. देशात २०२३ पासून सिकलसेल निर्मूलनाची मोहीम सुरू आहे. आपल्यातले जे शिक्षक पाड्यांवरच्या शाळांत आहेत, त्यांना विनंती, एखादं पोर वारंवार हातपाय दुखतात म्हणून गैरहजर राहत असेल तर त्याला आळशी म्हणायच्या आधी रक्त तपासायला सांगा.

शेवटी चारच गोष्टी, घरी जाऊन सांगण्यासारख्या. एक, पट्टी असो की प्लास्टर, बोटं उघडी ठेवा आणि बघत राहा. निळी पडली, थंड झाली, मुंग्या आल्या, बोटं हलवताना असह्य कळ आली, तर सकाळची वाट बघू नका, त्याच रात्री पट्टी सोडवून घ्या. दोन, मोडलेल्या जागी मालिश नको. तीन, डॉक्टरांनी तंबाखू विचारली की मिश्री, मशेरी, गुटखा, तपकीर सगळं सांगा, आणि सळई-प्लेट बसल्यावर तर आधी ते बंद करा. चार, ‘ऑपरेशन झालं’ म्हणजे काम संपलं असं समजू नका. डॉक्टर हाड जागेवर आणून देतात. पुढचे सहा महिने रक्ताचे असतात, आणि त्याची काळजी घरच्यांनी घ्यायची असते.

बाई, तुम्ही आम्हाला त्या सांगाड्यावरून हाडं शिकवलीत, त्याबद्दल ऋणी आहे. पण शाळेत अजून तो सांगाडा असेल तर माझी एक सूचना आहे. त्याच्या शेजारी वर्षातून एकदा खाटकाकडची ताजी नळी ठेवा. मुलं नाक मुरडतील, पण विसरणार नाहीत.

आणि आईचं विचाराल, तर यंदा पौषात ती म्हशाच्या यात्रेला गेली. काठी घेऊन, पण स्वतःच्या पायानं. गुरांच्या बाजारातून चक्कर मारली, एक घोंगडी घेतली, दुकानदाराशी अर्धा तास घासाघीस केली. परत येताना मी विचारलं, पाय दुखतोय का? म्हणाली, ‘दुखतोय की! जित्ता हाय तो, दुखणारच.’